बाळंतिणीची मोरी



आज बोलायचंय मोरीविषयी. मोरी म्हटलं की आपल्याकडे घाटावर भांडी घासायची मोरी आठवते. ती नव्हे. कोकणात आणि मुंबईकडे मोरी म्हणजे मासा. त्यालाच कुणी मुशी म्हणतं. शाळेतली मुलं इंग्रजीत शार्क म्हणतात तो हाच मासा. आणि त्याचं चपटं भावंड म्हणजे पाकट, जमिनीवर पसरलेल्या सुपासारखं, मागे चाबकासारखी शेपूट असलेलं.

तुम्ही म्हणाल, समुद्र कुठे आणि आपण कुठे! माझंही तसंच होतं. पण गेल्या वर्षी आमच्या शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर रत्नागिरीकडचं. बाळ आठ दिवसांचं झालं आणि सासूबाईंचा फोन आला, "विहीणबाई, तिला मोरीचं कालवण करून घाला हो, दूध चांगलं येतं." शेजारीण माळकरी, तिनं मासा कधी हातात धरलेला नाही. तिनं मला गळ घातली. मी रविवारी पिशवी घेऊन मासळीवाल्या मावशींकडे गेले.

मावशींनी बर्फातून हातभर लांबीची मुशी काढली आणि पोट फाडलं. आत बोटाएवढी पिलं होती. एक, दोन, तीन करत मी अकरापर्यंत मोजली. प्रत्येकाला नाळ होती. मैत्रिणींनो, बाळंतिणीसाठी मासा आणायला गेलेली मी, समोर दुसरीच गर्भारशीण. मावशी म्हणाल्या, "ताई, असं बघून कसं चालेल? जाळ्यात येतंच हे." त्यांचंही खोटं नव्हतं. पण मी घरी आले ती डोक्यात प्रश्न घेऊनच. मग वाचलं, जाणत्या माणसांना विचारलं. जे कळलं ते तुम्हाला सांगते.

माशाला नाळ कशी?

आपण शाळेत शिकलो की मासे अंडी घालतात. ते खरंच आहे. सुरमईसारखी मादी लाखांनी अंडी पाण्यात सोडते. त्यातली बहुतेक दुसऱ्यांच्या पोटात जातात, थोडी जगतात, आणि तेवढ्यावर सुरमईचा वंश चालतो. जसं वडाच्या झाडाला हजारो फळं धरतात आणि रोप एखादंच उभं राहतं.

मुशी आणि पाकट यांची रीत निराळी. यांतल्या काही जाती अंडी घालतात, पण पुष्कळशा जाती पिलं पोटात वाढवतात आणि जिवंत पिल्लू जन्माला घालतात. आपल्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त मिळते ती चपट्या, फावड्यासारख्या तोंडाची लहान मुशी. तिच्या पोटातलं पिल्लू तर नाळेनं आईला जोडलेलं असतं, तुमच्या-माझ्या लेकरासारखं. पाच-सहा महिने ती पिलं वागवते. एका वेताला साधारण सहा ते अठरा पिलं होतात.

ही झाली लहान जात. ती वर्ष-दोन वर्षांत वयात येते, म्हणून अजून टिकून आहे. मोठ्या जातींचं गणित अवघड आहे. हातोड्यासारखं डोकं असलेली कानमुशी नऊ-दहा महिने, कधी त्याहून जास्त दिवस पिलं वागवते, आणि तिची मादी वयात यायलाच कितीतरी वर्षं लागतात. समुद्रातलं सगळ्यात मोठं पाकट, ज्याला मांटा म्हणतात, त्याची मादी वर्षभर गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. त्यानंतरही दोन-तीन वर्षं, कधी जास्त, पुन्हा पिल्लू नाही.

आता हिशेब तुम्हीच करा. आपण बचत गटवाल्या, व्याज आणि मुद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको. बोंबील-मांदेलीचं व्याज भराभर चढतं. मोठ्या मुशीचं व्याज चढतं गोगलगायीच्या पावलानं. व्याजापुरतंच काढलं तर खातं चालू राहतं. मुद्दल काढत गेलं तर एक दिवस खातं बंद. समुद्रात आज नेमकं हेच चाललंय.

वास का येतो, सांगू?

ज्यांनी मुशी शिजवली आहे त्यांना माहीत आहे, नीट धुतली नाही तर उग्र वास येतो, नाक चुरचुरतं. त्याचं कारण मजेदार आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना? समुद्राचं खारट पाणीही माशाच्या अंगातलं पाणी असंच ओढून घेऊ पाहतं. मुशीनं त्यावर उपाय काढला. ती आपल्या रक्तामांसात युरिया साठवते, त्यामुळे अंगातलं पाणी अंगात राहतं. हा युरिया बाहेरून कुणी टाकलेला नसतो, तिच्या शरीरातच तयार होतो. मुशी मेल्यावर जंतू त्याचा अमोनिया करतात, तोच तो वास. म्हणून मुशी ताजी हवी, लगेच साफ करायला हवी आणि हळद-मीठ, लिंबू किंवा कोकम लावून ठेवायला हवी. आंबटपणानं अमोनियाचा वास मरतो. कोकणातल्या बायकांना हे विज्ञान पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, फक्त नाव ठाऊक नव्हतं.

तिची कातडीही वाळूसारखी खरखरीत असते. गरम पाणी ओतून ती खरवडावी लागते. त्या कातडीवर बारीक बारीक कण असतात, ते दात ज्याचे बनतात त्याच पदार्थाचे. आणि हाड? मुशी-पाकटांना हाडच नसतं. सगळा सांगाडा आपल्या कानासारख्या कुर्च्याचा. म्हणून काटे निवडायची कटकट नाही, म्हणून लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना घालायला सोपी. स्वस्तही असते. गरिबाच्या ताटातला मासा आहे हा, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

समुद्रातला राखणदार

शेतातले साप आणि घुबडं मारली की उंदीर माजतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. समुद्रात मोठ्या मुशीचं काम असंच राखणीचं आहे. ती आजारी, दुबळे मासे उचलते, मधल्या शिकारी माशांना आवरून धरते. पाकट तळाच्या वाळूत तोंड खुपसून शिंपले, खेकडे, किडे शोधतं. त्यामुळे तळ उकरला जातो, हवा-पाणी खेळतं, जशी आपली कुळवाची पाळी. हे जीव पृथ्वीवर चाळीस कोटी वर्षांहून जास्त काळ आहेत. झाडांचं रान उभं राहण्याआधीपासून मुशीचे पूर्वज पोहत होते.

तरी माणसाच्या मनात मुशीची भीतीच जास्त. सिनेमांनी ती वाढवली. खरं पाहिलं तर साऱ्या जगात मिळून वर्षाला शंभराच्या आत माणसांना, त्यांनी छेड न काढता, शार्क चावल्याची नोंद होते, आणि त्यातली बहुतेक माणसं वाचतात. आपल्या देशात साप चावून वर्षाला पन्नास हजारांवर माणसं दगावतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तरी आपण नागपंचमीला नागाची पूजा करतो. जपून राहायचं, पण वैर धरायचं नाही, ही आपलीच रीत. काही जातींच्या मुशी पिलं घालायला खाडीत, अगदी नदीच्या मुखापर्यंत आत येतात. तिथे जाळं टाकणाऱ्यांनी सावध राहावं, एवढंच. पाकटाच्या शेपटीला विषारी काटा असतो, तोही ते पायाखाली आलं तरच मारतं.

मग संकट कुठून आलं?

माणसाला मुशी जेवढी मारते त्याच्या किती पट माणूस मुशीला मारतो! जगभरातल्या मुशी, पाकटं आणि त्यांच्या भाऊबंदांच्या सुमारे बाराशे जाती शास्त्रज्ञांनी तपासल्या. २०२१ साली निष्कर्ष जाहीर झाला की यांतल्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त जाती नष्ट होण्याच्या वाटेवर आहेत. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासानं दाखवलं की खोल, मोकळ्या समुद्रातल्या मुशी-पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. शंभर होत्या तिथे एकोणतीस उरल्या. कानमुशीची एक मोठी जात तर अतिसंकटात गणली जाते.

जगात सगळ्यात जास्त मुशी आणि पाकटं पकडणाऱ्या देशांत भारताचा नंबर वरचा आहे. पण आपले कोळी बांधव मुद्दाम मुशीच्या मागे जातातच असं नाही. पुष्कळदा कोळंबी किंवा दुसऱ्या मासळीसाठी टाकलेल्या जाळ्यात ती येते. तळ खरवडत जाणारी ट्रॉलरची जाळी आणि बारीक आस यामुळे लहान पिलंही सुटत नाहीत. मांस इथे खपतं. पर मात्र परदेशात सुपासाठी महाग विकले जायचे. त्यासाठी जगात काही ठिकाणी पर कापून जिवंत मुशी परत पाण्यात फेकून द्यायचे. पराशिवाय ती पोहणार कशी? बुडून तळाला जाते आणि मरते.

हे थांबावं म्हणून २०१३ साली आपल्या सरकारनं नियम केला की मुशी आणायची तर परांसकट अख्खी आणायची. २०१५ साली परांच्या निर्यातीवरच बंदी आली. त्याआधी २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात आधी सगळ्याच मुशी-पाकटांना घातलं होतं. किनाऱ्यावर ओरड झाली, कारण हजारो घरांची चूल त्यावर चालते. मग त्याच वर्षी यादी दहा जातींवर आणली. त्यात व्हेल शार्क, लांब करवतीसारखं तोंड असलेले करवत मासे आणि नद्यांत येणारी गंगेची मुशी आहे. २०२२ च्या दुरुस्तीत यादी पुन्हा वाढली. या जाती पकडणं, विकणं गुन्हा आहे, तुरुंगवासही होऊ शकतो.

माहेरी आलेली लेक

पण मैत्रिणींनो, नुसत्या कायद्यानं माणूस बदलत नाही. बदल कसा होतो त्याची गोष्ट शेजारच्या गुजरातेत घडली.

व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा. एसटीच्या गाडीपेक्षाही लांब होऊ शकतो. पण इतका गरीब की पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, माणसाला काही करत नाही. नव्वदीच्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या बाजूला, याची सर्रास शिकार व्हायची. काळजाचं तेल काढून होड्यांच्या लाकडाला लावायचे, मांस परदेशी जायचं. माइक पांडे यांनी २००० साली यावर माहितीपट केला, लोकांना हे कळलं, आणि २००१ साली या माशाला संरक्षण मिळालं.

कायदा झाला, पण कोळ्यांना तो पटायला हवा होता. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया या संस्थेनं २००४ साली मोहीम सुरू केली. कथाकार मोरारी बापूंनी त्यात एक साधी गोष्ट सांगितली. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, दारात आलेल्या लेकीला कुणी मारतं का? ही गोष्ट लोकांच्या काळजाला भिडली. त्याला नाव मिळालं 'व्हाली', म्हणजे लाडकी. गावांनी तिला आपली मानलं. जाळ्यात व्हाली अडकली तर कोळी स्वतःचं जाळं कापून तिला सोडू लागले. जाळं म्हणजे हजारो रुपये. म्हणून सरकारनं फाटलेल्या जाळ्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. आजवर शेकडो व्हेल शार्क अशा सुटल्या आहेत.

महाराष्ट्रानंही हा धडा घेतला. मत्स्यव्यवसाय विभाग आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी डिसेंबर २०१८ पासून योजना सुरू केली. व्हेल शार्क, कासव, डॉल्फिन असा संरक्षित जीव जाळ्यात अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर फोटो दाखवून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. तुमची कुणी बहीण, नणंद, मैत्रीण किनाऱ्यावर दिली असेल तर तिला एवढं नक्की सांगा. माहिती नसल्यामुळे भरपाई हुकते. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. आणि २०२३ साली राज्य सरकारनं पन्नासहून जास्त जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवली, म्हणजे त्याहून लहान मासा पकडायचा नाही. हे सगळं मुद्दल वाचवण्यासाठीच आहे.

बाळंतिणीनं काय खावं?

आता येऊ शेजारणीच्या लेकीकडे. मोरी खाल्ली की दूध वाढतं का? मी आमच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, दूध वाढतं ते बाळाला पुन्हा पुन्हा अंगावर पाजल्यानं. आईला लागतं पोटभर जेवण, पाणी आणि प्रथिनं. मोरीत प्रथिनं भरपूर आहेत, म्हणून आजीबाईंचा अनुभव अगदी खोटा नव्हता. पण तीच प्रथिनं डाळीत, अंड्यात, शेंगदाण्यात आणि लहान मासळीतही आहेत.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती नीट ऐका. समुद्रात पारा असतो. लहान माशात तो कणभर. त्याला मोठा मासा खातो, मोठ्याला त्याहून मोठा. असं करत मोठ्या, म्हाताऱ्या मुशीच्या अंगात पारा साठत जातो. तो बाळाच्या वाढत्या मेंदूला वाईट. म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानं गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी शार्क खाऊ नये असं सांगितलंय. लहान जातीच्या मुशीत पारा मोठीपेक्षा कमी असतो, पण बाळंतिणीला हवेत कशाला नसते विषाचे कण? बोंबील, मांदेली, तारली यांसारखी लहान मासळी तिला जास्त बरी. ती स्वस्त असते आणि समुद्रात भराभर वाढते.

शार्कच्या कुर्च्याच्या गोळ्या खाल्ल्या की कॅन्सर बरा होतो असं कुणी सांगितलं तर पैसे घालू नका. त्याच्या चाचण्या झाल्या आहेत, गुण आलेला नाही.

मुशी खाऊच नका असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या शिजते त्यांना मी घाटावर बसून काय शिकवू? पण आठवडी बाजारात ओली किंवा सुकी मुशी घेताना तीन गोष्टी पाहता येतील. वीतभर पिल्लू असेल तर घेऊ नये. खूप मोठी असेल, कानमुशी असेल तर घेऊ नये. आणि विकणारीला विचारावं, कुठली आहे, कशी आली. गिऱ्हाईक विचारू लागलं की विकणारी व्यापाऱ्याला विचारते, व्यापारी होडीवाल्याला. आपला प्रश्न असा समुद्रापर्यंत पोचतो.

त्या रविवारी मी मावशींना तेच विचारलं. त्या जरा हसल्या, मग म्हणाल्या, "ताई, पूर्वी माझी आई पाटीत माणसाएवढी मुशी तुकडे करून आणायची. आता हातभर मिळाली तरी मोठी वाटते." हातातली सुरी तशीच ठेवून त्या थोडा वेळ गप्प बसल्या. कुठल्याही पुस्तकापेक्षा मला त्या एका वाक्यानं जास्त समजलं.

मी त्यांच्याकडून बोंबील घेतले. रत्नागिरीच्या सासूबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या आधी जरा रुसल्या. मग पिलांचं ऐकून म्हणाल्या, "अगो बाई, गाभणी होती काय? मग नको ती." आणि बोंबलाच्या कालवणात तिरफळ घालायला विसरू नका, असं बजावून त्यांनी फोन ठेवला.

आपल्याकडे गाभण गाईला कुणी औताला जुंपत नाही. डोहाळे लागलेल्या बाईला कुणी उपाशी ठेवत नाही. हीच माया समुद्रातल्या आईपर्यंत पोचवायची, एवढंच.

पुढच्या बैठकीत गटात एकमेकींना विचारा, तुमच्या बाजारात सुकी मुशी येते का, कुठून येते, आणि तुमच्या आजीच्या वेळेपेक्षा ती लहान झाली आहे का? उत्तरं आम्हाला नक्की कळवा.

येते मी. नमस्कार.